फळीवरून मनमाडला

काष्टी,
ता. ११ नोव्हेंबर १९७१

चि. सौ. कला हिला राहीबाईचे आशीर्वाद.

तुझ्या नावामागे 'सौ.' लिहिताना हात जरा थांबला. या घरातून गेलीस तेव्हा माझ्या लेकाला, कानिफला, जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तुझं कपाळ मोकळं होतं. आता तू मनमाडला दुसऱ्या घरी नांदतेस, तेव्हा 'सौ.' लिहायलाच पाहिजे. तू पुन्हा लग्न केलंस म्हणून मी तुला कधी काही बोलले नाही, आजही बोलायचं नाही. भावकीत तुझं नाव निघत नाही, एवढंच. त्यामुळे दोन वर्षांत ना तू लिहिलंस ना मी.

तुझा भाऊ गोरक्ष बाजारात भेटला, त्याच्याकडून पत्ता घेतला. कशाला हवा, असं त्याने विचारलं नाही. पोरगा शहाणा आहे.

एका कामापुरतं लिहिते. तुझ्या वडिलांचं कमरेचं ऑपरेशन झालं होतं. तू तेव्हा त्यांच्याजवळ राहायला गेली होतीस आणि इतके दिवस राहिलीस म्हणून कानिफ माझ्यावरच चिडायचा. त्यांना गुण आला का? किती दिवसांनी उठले? नंतर शेतात जात होते का? तुला आठवतं तेवढं कळव.

मला श्रावणापासून त्रास आहे. खुरपायला बसले होते, उठताना कंबर धरली. तशी ती दरवर्षी धरते. या वेळी मात्र कळ मांडीमागून पोटरीत उतरली आणि घोट्यापर्यंत गेली. खोकला आला तरी पायात वीज गेल्यासारखं होतं. शेजारच्या साळूबाईने निर्गुडीचा पाला शेकून बांधला, एरंडेल चोळलं, बरं वाटलं आणि परत तेच. शेवटी नगरला सिव्हिलमध्ये जाऊन फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडापुढे धरून दाखवला. म्हणाले, दोन मणक्यांच्या मध्ये गादीसारखी चकती असते, ती तुमची झिजली आहे, आणि तिचा भाग बाहेर येऊन पायाकडे जाणाऱ्या शिरेवर दाबतो आहे.

मग त्यांनी विचारलं, घरी करणारं कोण आहे? मी म्हटलं, सगळे आहेत.

बाकी इकडे बरं आहे. कालव्याला पाणी आहे. तुझ्या घरच्यांना नमस्कार सांग, सांगण्यासारखं असेल तर.

राहीबाई

———

काष्टी,
ता. २ डिसेंबर १९७१

चि. सौ. कला हिला आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. पोस्टमनने ओट्यावरूनच ओरडून 'मनमाडचं हाय' म्हणून सांगितलं, त्यामुळे आळीला कळलं. कळू दे.

तू 'आत्याबाई' असं लिहिलंस. मला वाटलं होतं, नुसतंच 'राहीबाई' लिहिशील.

वडिलांचं तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. पायाची कळ ऑपरेशननंतर गेली, कंबर मात्र दुखायची ती दुखतच राहिली, पोतं पुन्हा कधी उचललं नाही, पण मरेपर्यंत आपल्या पायाने चालले. तू काही लपवलं नाहीस हे बरं केलंस. इथे मला कोणी धड सांगत नाही. ज्याला विचारावं तो आपलंच सांगतो.

माझे दीर काकासाहेब म्हणतात, डाग देऊन घ्या. त्यांच्या सासुरवाडीकडे कोणी आहे, विळा तापवून कमरेला आणि पोटरीला चटके देतो. "वहिनी, आमच्या मेव्हन्याला तीन डागांत घोड्यावानी केला," म्हणाले. मी तो मेव्हणा पाहिला आहे. घोड्यासारखा मुळीच चालत नाही.

नगरचे डॉक्टर म्हणतात, तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे सव्वा महिना फळीवर उताणं पडायचं. गादी नाही, उठायचं नाही, जेवण पडूनच आणि बाकीचंही पडूनच. पुष्कळांची शीर तेवढ्याने मोकळी होते. दुसरी वाट, हॉस्पिटलात राहून पायाला वजन टांगायचं आणि नंतर कातडी पट्टा बांधायचा. तिथे खाट मिळायला थांबावं लागतं आणि जवळ घरचं बाईमाणूस लागतं. तिसरी म्हणजे पुण्याला ऑपरेशन. ते म्हणाले, पहिल्यांदा फळी करून बघा, त्यात बिघडण्यासारखं काही नाही.

ऐकायला फळी सगळ्यात सोपी. पण कला, सव्वा महिना पडून राहायचं म्हणजे पाण्याचा तांब्यासुद्धा कोणीतरी हातात द्यायला हवा. हे औषध भरल्या घरातल्या माणसाचं आहे. डॉक्टरांना मी सगळे आहेत म्हणून सांगितलं, आता कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

साळूबाईला विचारलं आहे. ती सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी येईन म्हणाली. तिचंही घर आहे.

तू येऊन करावंस असं मी लिहीत नाही. तसं वाचू नकोस.

राहीबाई

———

काष्टी,
ता. २८ डिसेंबर १९७१

चि. सौ. कला हिला आशीर्वाद.

पेन्सिलीने लिहिते आहे. उताणं पडून पेन धरलं की शाई उतरत नाही, हे मला आता कळलं. अक्षर वेडंवाकडं दिसेल. तसंही चौथीपर्यंतचंच आहे.

भिमाजी सुताराने जुन्या दाराची फळी बाजेवर टाकून दिली. तीवर एक घोंगडी. लढाई लागली त्याच आठवड्यात मी आडवी झाले. रेल्वेने रात्रंदिवस लष्कराच्या गाड्या जात होत्या, त्यांचा आवाज फळीतून पाठीला कळायचा. लढाई जिंकून झाली, गावात साखर वाटली, आणि मी अजून इथेच आहे.

साळूबाई सकाळी येते. अंग पुसते, वेणी घालते, भाकरी आणि दूध देऊन उशाला तांब्या ठेवते. बाकीचं काय करते ते लिहीत नाही, तू वडिलांचं केलंस, तुला ठाऊक आहे. मग ती दार लोटून कामावर जाते. तिथून पुढे दुपार. कला, दुपार एवढी मोठी असते हे मला माहीत नव्हतं. आजवर प्रत्येक दुपारी मी कुठेतरी वाकलेली होते. आता आढ्याकडे बघते. कौलातून ऊन येतं, ते भिंतीवरून सरकत कोनाड्यापर्यंत जातं, तोवर साळूबाई यायची वेळ होते. कोणी बोललेलं ऐकू आलं तर ते काय बोलतात ते पुरतं ऐकून घेते, माझ्याविषयी नसलं तरी.

काकासाहेब रोज संध्याकाळी दारात उभे राहून विचारतात, "हाय का बरं?" मी "व्हय" म्हणते. ते आत येत नाहीत. दिराने भावजयीच्या बाजेपाशी यावं तरी कसं. त्यांची बायको एकदा येऊन गेली. माझ्या हंड्याकडे बघून, पितळ काळं पडलं म्हणाली.

पायाचं विचारलंस. कळ थोडी कमी आहे.

परवा पाणी लवकर संपलं म्हणून मी उठले होते. रांजण चार पावलांवर तर आहे. जाताना गेले, येताना पाऊल अडकलं आणि खाली बसले. पडले नाही, बसले. साळूबाई येईपर्यंत जमिनीवरच होते, तेव्हा फार काही झालं नाही असं समज. हे डॉक्टरांना सांगायचं की नाही ते ठरवते आहे.

तू पत्रात घरचं काहीच लिहीत नाहीस. तुला बरं आहे ना?

राहीबाई

———

काष्टी,
ता. २० जानेवारी १९७२

चि. सौ. कला हिला अनेक आशीर्वाद.

तुझी बातमी कळली. सातवा लागला आणि मला आता लिहितेस. गर्भाला जपून राहा. पाण्याच्या बादल्या उचलू नकोस.

खरं सांगते, वाचून आधी मला आनंद झाला नाही. या घरात तू पाच वर्षं कानिफबरोबर राहिलीस आणि पाळणा हलला नाही. मी नवस केले, तुला नगरच्या डॉक्टरणीकडे नेलं. आता मनमाडला हलणार. पत्र घडी करून उशाखाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मग दुसऱ्या दिवशी साळूबाईने विचारलं, "काय लिवलंय सुनबाईनं?" मी म्हटलं, तिला दिवस गेलेत. हे तोंडाने बोलले तेव्हा मला बरं वाटलं. का ते सांगता येणार नाही. साळूबाईने लगेच माझ्या कानशिलावरून बोटं मोडली, जणू मीच गरोदर आहे.

आता माझं. फळी झाली. उठून उभी राहिले तर कळ जागच्या जागी होती. त्याहून वाईट म्हणजे डाव्या पायाचा अंगठा वर येत नाही. चप्पल घालून चालले की ती मागेच राहते आणि मला दहा पावलांवर कळतं. नगरला गेले. डॉक्टरांनी पाय हातात धरून, अंगठा माझ्याकडे ओढा म्हणून सांगितलं. मी सगळा जीव लावला, अंगठा हलला नाही. त्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, बाई, आता दुखण्याचा प्रश्न राहिला नाही. शीर दबून मरत चालली आहे. पाऊल कायमचं लुळं पडायच्या आत ऑपरेशन करा. पुण्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात त्यांनी चिठ्ठी दिली. बावीस फेब्रुवारीला भरती व्हायचं आहे.

मी विचारलं, ऑपरेशनने पाऊल येईल का? ते म्हणाले, येईल असं छातीवर हात ठेवून सांगत नाही. कळ बहुतेक जाईल. पाऊल थोडं येईल किंवा आहे तेवढं राहील. केलं नाही तर मात्र जाईल. आणि मणक्याजवळचं काम आहे, शंभरात एखाद्याचं वाईटही होतं. तुझ्या वडिलांनाही असंच सांगितलं होतं का?

घरी येऊन काकासाहेबांना बोलावलं. हॉस्पिटलात जवळच्या नातेवाइकाची सही लागते म्हणून सांगितलं. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले.

"वहिनी, तुमाला पुन्याला घिऊन जातो. म्हनशीला तर उचलून नेतो. पन सही न्हाई करायचो."

"का?"

"पेडगावचा तो कोन, कंबर कापून घेतली आन् तवापासनं खाटंवर हाय. उद्या तुमी लुळ्या पडला तर गाव म्हनंल, भावजयीच्या जमिनीवर डोळा हुता, यानंच कापायला धाडली."

मी म्हटलं, असं कोणी म्हणणार नाही. पण म्हणतील हे मलाही ठाऊक आहे. त्यांची भीती खोटी नाही. मला राग आला नाही, नुसतं रिकामं वाटलं.

सहीचं मी बघते. डॉक्टरांच्या पाया पडेन, माझाच अंगठा घ्या म्हणेन. लिहिता येतं, सहीही करीन. तू यात डोकं घालू नकोस. तुझी आई नाही, तुझ्या बाळंतपणाला मी यायला हवं होतं. धड अंगाची असते तर लोक काय म्हणतील ते बघत बसले नसते. पण मला वाकता येत नाही, मूल उचलता येत नाही. मी येऊन तुझ्यावर आणखी एक बाज वाढवू का?

ऑपरेशन करायचं ठरवलं आहे. माझं मीच ठरवलं आहे.

राहीबाई

———

पुणे,
ता. ३ मार्च १९७२

चि. सौ. कला हिला अनेक आशीर्वाद.

हे पत्र शेजारच्या खाटेवरच्या मुलीकडून लिहून घेते आहे. मला अजून कुशीवर वळू देत नाहीत. ती शाळा शिकलेली आहे, मी बोलते तसंच लिहिते म्हणाली.

रंगनाथराव परवा निघाले. घरी पोचून त्यांनी तुला सगळं सांगितलं असेल, तरी माझ्याकडून ऐक. ते आपण होऊन काही सांगतील असं वाटत नाही.

काकासाहेबांनी मला आणलं. दौंडला गाडी बदलताना जिना चढवेना, तर त्यांनी मला सगळ्या लोकांदेखत पाठीवर घेतलं. मी डोळे मिटून घेतले. इथे भरती करून, खाटेवर निजवून, ते दोन दिवस वऱ्हांड्यात बसले. मग कारखान्याला ऊस जायचा होता म्हणून गेले. जाताना म्हणाले, "सही सोडून काय बी सांगा." आणि डोळे पुसले.

मग माझा फोटो काढला. पाठीत सुई घालून औषध सोडतात आणि मग फोटो. फार दुखलं. मोठ्या डॉक्टरांनी सोमवारच्या ऑपरेशनला माझं नाव लिहिलं. मी म्हटलं, सही मीच करते. ते म्हणाले, बाई, तुमची तर लागतेच, पण बेशुद्धीत काही झालं तर कोणाला विचारायचं? कोणी नसेल तर पुढच्या आठवड्यात बघू. दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेच विचारलं. आजूबाजूच्या खाटांवर सगळ्यांची माणसं होती. मी चादर तोंडावर घेऊन पडले.

शनिवारी दुपारी वॉर्डाच्या दारात एक माणूस. निळा रेल्वेचा सदरा, काखेत पिशवी. आयाबाईला विचारतो, "काष्टीच्या राहीबाई कोन्त्या?"

मी ओळखलं. कधी पाहिलं नव्हतं तरी ओळखलं. पदर डोक्यावरून ओढायला गेले तर तो पाठीखाली अडकलेला.

ते खाटेपासून लांबच उभे राहिले. "मी रंगनाथ. कलाला आठवा सरत आलाय, डॉक्टरनं गाडीत बसू नको म्हटलंय. तिनं तुमचं पत्र दाखवलं. म्हणून मी आलो, आत्याबाई."

मी विचारलं, मला आत्याबाई का म्हणता? तर म्हणाले, "घरात तुमचं नाव तेच आहे."

कला, तू मनमाडला माझं नाव घेतेस, हे मला माहीत नव्हतं.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. खोटं कशाला सांगू, काहीतरी वाईट सापडावं म्हणून बघत होते. माझ्या मुलाच्या जागी आलेला माणूस आहे. कानिफ उंच होता, हे ठेंगणे. कानिफ बडबड्या, हे एक वाक्य बोलून थांबतात. केस पुढून गेलेत. वाईट काही सापडलं नाही.

सोमवारी सकाळी कारकून कागद घेऊन आला. "पेशंटचे तुम्ही कोण?"

मला वाटलं, आता हे अडखळतील. काय सांगतील? सुनेचा नवरा? असं नातं कुठे असतं का? मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "जावई."

"मुलगी कुठंय?"

"बाळंतपणाला टेकलीय."

कारकुनाने लिहिलं आणि यांनी सही केली. सावकाश, एकेक अक्षर. मग कागदावर फुंकर घातली.

मला गाडीवरून नेताना ते दारापर्यंत आले. पुढचं मला आठवत नाही. जागी झाले तेव्हा घसा कोरडा होता, कंबर आग झालेली होती, आणि पायात कळ नव्हती. मी वाट बघत राहिले की आता येईल. आली नाही. इतक्या महिन्यांनी पाय मुकाट पडलेला होता.

बायकांच्या वॉर्डात पुरुषांना राहू देत नाहीत. ते वऱ्हांड्यातच झोपले, भेटीच्या वेळी येऊन चमच्याने पाणी पाजलं. आयाबाई भांडं घेऊन आली की भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. एकदा मी म्हटलं, जावई पहिल्यांदा आला आणि मला त्याच्यापुढे पाटही मांडता आला नाही. ते हसले नाहीत. म्हणाले, "उठलात की मांडा."

गाडीची वेळ झाली तेव्हा पायाला हात लावून गेले. डाव्याच पायाला. हा दुखरा पाय हे त्यांना कळलं की नाही कोण जाणे, मला तो हात कळला.

ते गेल्यावर भेटीचे चार वाजले की मी दाराकडे बघते. सवय दोन दिवसांत लागते, जायला वेळ घेते.

आपल्या जिवाला जप.

राहीबाई

———

काष्टी,
ता. ५ एप्रिल १९७२

चि. सौ. कला हिला आणि तान्हीला अनेक आशीर्वाद.

मुलगी झाली, दोघी सुखरूप आहात, हे पत्र वाचून देवापुढे दिवा लावला. शेजारीण तुझं करते म्हणालीस, तिचे उपकार. बाळाचं डोकं दाबताना तेल कोमट घे. अंग शेकून घे, आळस करू नकोस. या वयात निष्काळजी राहिलेली कंबर पुढे काय करते ते मला विचार.

मी घरी आले. ऑपरेशनने काय झालं ते तू नीट कळवायला सांगितलंस, तर ऐक. पायाची कळ गेली ती गेलीच. कंबर सकाळी लाकडासारखी असते, पट्टा बांधून दोन तास फिरले की सैल होते. तुझ्या वडिलांचं लिहिलं होतंस, तेच माझं. अंगठा बोटभर वर येतो. डॉक्टर म्हणाले, वर्षभर बघा, आणखी येईल किंवा इतकाच राहील. चपलेला मागून पट्टा शिवून घेतला आहे, आता ती मागे राहत नाही. वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, हंडा उचलायचा नाही. म्हणजे आजवर मी जे जे केलं ते काहीच करायचं नाही. केलं ते बरोबर केलं का, असं मनात येतं. मग रांजणापर्यंत जाते, पाणी पिते, आपल्या पायाने परत येते. तेव्हा वाटतं, बरोबर केलं.

शेत काकासाहेब बघतील. चूल भिमाजीने विटा लावून उंच करून दिली. उभ्याने भाकरी थापते, सुरुवातीला जाड होत होत्या.

घर तसंच आहे. दुपारही तेवढीच मोठी आहे, फक्त आता मी ती बसून काढते.

गावात बोलणं झालं. काकासाहेबांनी एक दिवस दारातून विचारलं, "सही कुनी केली मग?"

"जावयानं."

"तुमाला जावई कुठनं आला?"

"मनमाडहून," मी म्हटलं. "कलाचा नवरा."

 टोपी सारखी केली आणि गेले. तीन दिवस दारात आले नाहीत. चौथ्या दिवशी आले आणि "हाय का बरं?" म्हणाले. त्या गोष्टीवर पुन्हा शब्द नाही. भावकीचं काय होईल ते मला ठाऊक नाही. दोघीतिघी माझ्याकडे यायच्या त्या येत नाहीत. साळूबाई येते.

आता कामाचं. येत्या अमावास्येनंतर अधिक महिना लागतो, यंदा वैशाख अधिक आहे. अधिकात जावयाला बोलावून वाण देतात. मला लेक झाली नाही, त्यामुळे या घरात हे कधी केलं नाही. शेजारच्या घरी चाललेलं बघायची आणि एक अनारसा खाऊन घरी यायची.

रंगनाथरावांना माझ्या वतीने आमंत्रण सांग. तू आणि बाळ याल तर फार चांगलं, पण बाळंतीण उन्हातून एवढा प्रवास करील असं मी म्हणणार नाही. ते एकटे आले तरी चालतील. मनमाडहून येणारी पॅसेंजर काष्टीला थांबते. मी स्टेशनवर येईन, तेवढं आता चालवतं. त्यांना सुट्टी मिळेल की नाही, आणि या गावात पाय ठेवायची त्यांची इच्छा आहे की नाही, मला माहीत नाही. नाही म्हणाले तर मी वाईट वाटून घेणार नाही. घेईन, पण तुम्हाला कळू देणार नाही.

अनारशांचं पीठ मुरायला वेळ लागतो. उत्तराची वाट बघत बसले तर महिना निघून जाईल. साळूबाई कांडून देईन म्हणाली आहे.

आज सकाळी तांदूळ भिजत घातले.

राहीबाई